दुसरे टिळक : रेव्हरंड नारायण वामन टिळक

विद्यार्थी मित्रांनो, टिळक म्हटले की आपल्याला लोकमान्य आठवतात. त्याच काळात आणखी एक टिळक होऊन गेले. ‘केवढे हे क्रौर्य’ ही जखमी पक्षिणीची कविता तुमच्या आईबाबांनी शाळेत पाठ केली असेल. ती लिहिणारे कवी म्हणजे रेव्हरंड टिळक.

त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. लहानपणीच आई गेली. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे ते संस्कृत शिकले. नोकरी मात्र एका जागी कधी टिकली नाही. १८९३ च्या सुमारास नोकरीसाठी ते रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. (हे गाव २००० पर्यंत आपल्याच मध्य प्रदेशात होते.) डब्यातील एका युरोपीय प्रवाशाशी धर्मावर गप्पा रंगल्या आणि उतरताना त्याने टिळकांना ‘नवा करार’ भेट दिला. येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचून टिळक भारावून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

याची किंमत मोठी होती. नातलग दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन सुमारे साडेचार वर्षे वेगळ्या राहिल्या. टिळकांच्या निर्णयाचा खरा भार त्यांनीच सोसला, असे मला वाटते. पुढे त्या परत आल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये सांगितले आहे. पालकांनी ते अवश्य वाचावे.

अहमदनगरला टिळक धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवीत. धर्म बदलला म्हणून भाषा, वेश, गाणे परके का व्हावे, हा त्यांचा प्रश्न होता. चर्चमध्ये इंग्रजी चालीवरची भाषांतरित गीते गात. टिळकांनी तेथे अभंग, भजन आणि कीर्तन आणले. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानत. मिशनमधील सर्वांनाच हे रुचले असे नाही. १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. बालकवी ठोंबरे काही काळ त्यांच्याच घरी राहिले होते.

१९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या कोणत्याही भक्ताला तेथे जागा होती. पण वेळ थोडा मिळाला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. लग्नानंतर अक्षरे गिरवायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे पूर्ण केले.