कणा मोडलेल्यांचा डॉक्टर

जर्मनीतल्या कोळसा खाणींच्या भागात, एका अपघात रुग्णालयात १९१७ साली धडधाकट बांध्याचा खाणकामगार आणला गेला. पाठीचा कणा मोडलेला. त्याला प्लास्टरमध्ये घालून वेगळा ठेवला. काही आठवड्यांत जंतुसंसर्गाने तो गेला. तिथे मदतनीसाचे काम करणाऱ्या लुडविग गुटमान या मुलाच्या मनातून तो रुग्ण आयुष्यभर गेला नाही.

१८९९ साली जन्मलेले गुटमान पुढे मज्जासंस्थेचे नामांकित डॉक्टर झाले. ज्यू असल्याने १९३९ मध्ये त्यांना कुटुंबासह इंग्लंड गाठावे लागले. फेब्रुवारी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात जखमी सैनिकांचा मज्जारज्जू विभाग त्यांच्या हाती आला. तेव्हा अशा रुग्णाचे उरलेले आयुष्य महिन्यांत मोजत. गुटमान यांनी जादू केली नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, मध्यरात्रीसुद्धा. लघवीची नळी निर्जंतुक हातांनीच घालायची. बस्स. स्वतः रात्री वॉर्डात येऊन ते तपासत. स्वभाव तापट, पण शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग आटोक्यात आला. मज्जारज्जू वरच्या भागात तुटला असेल तर मूत्राशय नुसते तुंबले तरी रक्तदाब धोकादायक चढतो, हेही त्यांनी १९४७ मध्ये सहकाऱ्यासह मांडले.

मात्र रुग्ण वॉर्डात पोहोचण्याआधीच बरेच काही ठरून गेलेले असते. वरठीसारख्या रेल्वे आणि पोलाद कारखान्याच्या गावात, उंचावरून पडलेल्याला लगेच उठवून बसवतात, दुचाकीवर दोघांमध्ये धरून नेतात. तसे करू नये. १०८ ला फोन करावा. हलवणे अटळच असेल तर तिघा-चौघांनी डोके, मान, पाठ एका रेषेत धरून फळीवर घ्यावे. श्वास थांबला असेल, तर मात्र मानेच्या भीतीने थांबू नये. छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहावे. आधी प्राण, मग कणा.

२९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, गुटमान यांनी चाकाच्या खुर्चीतल्या १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. तिचेच पुढे पॅरालिंपिक झाले. १९६५ च्या युद्धात मणक्याजवळ गोळी लागलेले सांगलीचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहून सुवर्णपदक घेऊन आले, ते याच स्पर्धेत. गुटमान तेव्हा हयात होते. हृदयविकाराने १८ मार्च १९८० रोजी त्यांचे निधन झाले.