बाबासाहेब आणि युद्धाचा प्रश्न

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की चवदार तळे, राज्यघटना आणि नागपूरची धम्मदीक्षा ह्या तीन गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु बाबासाहेबांच्या जीवनाची आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याकडे आपल्या समाजाचे लक्ष फारसे गेलेले नाही. राष्ट्राराष्ट्रांत युद्धे का होतात, देशाचे संरक्षण कशाने होते आणि शांतता कोणत्या पायावर टिकते, ह्या प्रश्नांचा त्यांनी जन्मभर विचार केला. दोन महायुद्धे त्यांच्या डोळ्यांदेखत झाली. आज जगात पुन्हा तोफा धडाडत असताना ही बाजू समजून घेणे हे आपले कर्तव्यच आहे.

बाबासाहेबांचा जन्मच मुळी लष्करी छावणीत झाला. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे ते जन्मले. आजोबा मालोजी पलटणीत होते, वडील रामजी सुभेदार होते व लष्करी शाळेत शिकवीत होते. पलटणीमुळेच ह्या घरात अक्षरओळख आली होती. परंतु बाबासाहेब जेमतेम चालू लागले असतील नसतील, तोच इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांच्या पराक्रमाची नावे भीमा-कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली होती, त्यांचीच मुले एका हुकुमाने लढाऊ जात नाहीत असे ठरली. ज्या देशाच्या संरक्षणात देशाच्या लेकरांनाच जागा नाही, तो देश सुरक्षित कसा म्हणावा? ह्या प्रश्नाचे बीज त्या घरात असे पडले.

पेन्शन घेतल्यानंतर रामजी दापोलीहून साताऱ्यास आले. साताऱ्यातच १८९६ साली माता भीमाबाई गेल्या आणि साताऱ्यातच ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव इंग्रजी शाळेत दाखल झाले. पुढच्याच वर्षी घडलेला गोरेगावचा प्रवास आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीस होते. मुले त्यांना भेटायला निघाली व मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा एकजण तयार झाला, पण गाडी हाकायची मुलांनी आणि तो चालणार पायी! मुलांजवळ पैसे होते, शिदोरी होती, परंतु रात्रभर त्यांना घोटभर पाणी कोणी दिले नाही. युद्ध म्हणजे केवळ तोफाबंदुकांची लढाई नव्हे, हे त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला आपल्या सातारा जिल्ह्याच्या रस्त्यावर कळले.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. वर्षभरातच पहिले महायुद्ध पेटले. १९१६ साली ते लंडनला आले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना परतावे लागले. ते स्वतः एका बोटीने निघाले व ग्रंथांचे सामान दुसऱ्या बोटीने पाठविले. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडविली. पोटाला चिमटा घेऊन जमविलेली ग्रंथसंपदा समुद्राच्या तळाशी गेली. युरोपातल्या राजांच्या भांडणाची झळ भारतातल्या एका अस्पृश्य विद्यार्थ्याच्या पुस्तकांना लागली.

पुढे काय झाले ते पाहा. करारानुसार ते बडोदे संस्थानात लष्करी सचिव म्हणून रुजू झाले. जगात महायुद्ध चालू होते. लष्करी कारभाराची जागा, आणि त्या जागेवर कोलंबियाचा पदवीधर! परंतु कचेरीतील शिपाई विटाळाच्या भीतीने त्यांच्या टेबलावर दुरूनच कागद फेकीत. शहरात राहायला घर मिळेना. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले.

१९१८ साली त्यांनी बर्ट्रांड रसेल ह्या इंग्रज तत्त्ववेत्त्याच्या ग्रंथावर एक परीक्षणलेख लिहिला. रसेल महायुद्धाचे कडवे विरोधक होते. त्या लेखात बाबासाहेबांनी एक महत्त्वाचा भेद केला. शक्ती वेगळी व हिंसा वेगळी. शक्ती लावल्याशिवाय जगात कोणतेही काम होत नाही. परंतु तीच शक्ती नासधुशीसाठी वापरली की ती हिंसा होते. म्हणून शक्तीला चांगल्या कामाकडे वळविले पाहिजे, ती मारून टाकता कामा नये. हातपाय गाळून बसणे म्हणजे शांतता नव्हे. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते. पुढील आयुष्यात ते ह्या विचारापासून ढळले नाहीत.

ह्याचा प्रत्यय महाडला आला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर सनातन्यांनी आपल्या लोकांवर लाठ्या चालविल्या. परिषदेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले धिप्पाड गडी होते. बाबासाहेबांच्या एका शब्दाची खोटी होती. महाडच्या रस्त्यांवर रक्ताचे पाट वाहिले असते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. त्यांनी लोकांना आवरले आणि हल्लेखोरांना न्यायालयात खेचले. पाण्याचा हक्क मात्र त्यांनी सोडला नाही. त्यासाठी ते दहा वर्षे कोर्टात लढले आणि जिंकले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा बाबासाहेबांची भूमिका स्पष्ट होती. हिटलरचा नाझीवाद म्हणजे वंशश्रेष्ठत्वाचे तत्त्वज्ञान. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणारी व्यवस्था आपण हजारो वर्षे भोगली होती. तिचाच जर्मन अवतार जगावर राज्य करू पाहत असता तटस्थ कसे राहायचे? १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या राष्ट्रीय संरक्षण मंडळावर गेले व महारांची भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून झटले. त्याच वर्षी बेळगावला महार पलटण उभी राहिली. १९४२ साली ते मजूरमंत्री झाले. हे युद्ध जिंकून जुनीच विषमता कायम राहणार असेल तर कामगारांनी त्यात रक्त का सांडावे, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. विजयानंतरची शांतता स्वातंत्र्य, समता व बंधुता ह्यांवर उभारलेली असली पाहिजे, असे ते आकाशवाणीवरूनही सांगत.

ह्याच सुमारास त्यांनी पाकिस्तानच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. त्यात सैन्यात कोणत्या प्रांतातून किती भरती होते ह्याची आकडेवारी देऊन त्यांनी दाखविले की, डोंगरदऱ्यांची सरहद्द कितीही बळकट असली तरी भरवशाचे सैन्य नसेल तर ती काही कामाची नाही. संरक्षणाचा किल्ला दगडांचा नसतो, माणसांच्या एकजिनसीपणाचा असतो. सरहद्दीचा हिशेब मांडतानाही हा माणूस शेवटी माणसांच्या मनाशीच येऊन थांबे.

मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी नद्यांचा प्रश्न हाती घेतला. दामोदर नदीचे पूर बंगाल आणि बिहार दोघांनाही छळीत. १९४५ च्या जानेवारीत कलकत्त्यास दोन्ही प्रांतांच्या प्रतिनिधींना एकत्र बसवून त्यांनी ह्या नदीच्या एकत्रित योजनेचा विचार पुढे नेला. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ झाले. पुढे राज्यघटनेत ५१ वे कलम आले. आंतरराष्ट्रीय तंटे लवादाने सुटावेत ह्यासाठी राज्याने झटावे असे ते सांगते. २६२ व्या कलमाने राज्याराज्यांतील नद्यांच्या तंट्यांच्या निवाड्याची वाट करून दिली.

आपल्या खंडाळा तालुक्याच्या वाचकांनी हे कलम विशेष ध्यानात ठेवावे. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नीरा भीमेला मिळते व भीमा कृष्णेला. ह्या खोऱ्याच्या पाण्यावर महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र ह्यांचा तंटा पडला, तेव्हा १९६९ साली न्यायमूर्ती बचावत यांचा लवाद नेमला गेला. लवादाच्या निवाड्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी आले. निवाडा कोणास रुचला, कोणास रुचला नाही. भांडणे आजही संपलेली नाहीत. परंतु तीन राज्यांपैकी एकानेही दुसऱ्यावर फौज नेली नाही.

स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र धोरणावर बाबासाहेब समाधानी नव्हते. १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हिंदू कोड बिलाबरोबर परराष्ट्र धोरणही होते. सरकारचे वार्षिक उत्पन्न ३५० कोटी रुपये आणि त्यातले सुमारे १८० कोटी सैन्यावर खर्च होतात, हा हिशेब त्यांनी मांडला. आपल्याला मित्र उरले नाहीत म्हणून हा बोजा गरिबांच्या डोक्यावर बसला, असे त्यांचे म्हणणे होते. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत ते पुन्हा ह्या विषयावर बोलले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारत-चीन करार होऊन पंचशील हा शब्द राजकारणात आला होता. पंचशील हा बुद्धाच्या धम्माचा गाभा. माओंची त्यावर श्रद्धा असती तर आपल्याच देशातील बौद्धांना त्यांनी निराळे वागविले असते, हे त्यांनी निदर्शनास आणले. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन आपण चीनची सरहद्द आपल्या दाराशी आणली, असा इशारा त्यांनी दिला. इतरांच्या देशांचे तुकडे पाडून विकत घेतलेली शांतता त्यांना मान्य नव्हती. १९५५ साली तर भाषावार राज्यांवरील पुस्तकात त्यांनी दिल्ली शत्रूच्या विमानांच्या टप्प्यात असल्याचे दाखवून हैदराबादला दुसरी राजधानी करावी, असे सुचविले.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले तेव्हा बाबासाहेब जाऊन सहा वर्षे होत आली होती. संरक्षणाची घसरलेली घडी बसविण्यासाठी आपल्याच सातारा जिल्ह्यातील यशवंतराव चव्हाणांना मुंबईहून दिल्लीस जावे लागले.

परंतु बाबासाहेबांचा ह्या विषयावरचा अंतिम शब्द संसदेत नाही, तो त्यांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथात आहे. म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला, ही परंपरेची कथा त्यांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने त्याआधी कधी म्हातारा पाहिला नाही, हे बुद्धीला पटत नाही. बाबासाहेब सांगतात ते कारण निराळे आहे.

शाक्य व कोलीय ह्यांच्यामधून रोहिणी नदी वाहत असे. पाणी आधी कोणी घ्यायचे ह्यावरून दोन्हीकडच्या चाकरांत मारामारी झाली. शाक्य संघात सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. संघाचा सभासद होऊन आठ वर्षे झालेला सिद्धार्थ उठला. युद्धाने प्रश्न सुटत नाही, एक युद्ध दुसऱ्या युद्धाचे बीज पेरते, असे त्याने सांगितले. आगळीक कोणाची हे आधी तपासावे. दोन्ही बाजूंनी दोन-दोन पंच नेमावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा. बहुमताने ही सूचना फेटाळली. सक्तीच्या भरतीचा हुकूम निघाला. सिद्धार्थाने शस्त्र उचलण्यास नकार दिला. तेव्हा त्याच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार व जमिनीची जप्ती ही शिक्षा पुढे आली. बहिष्कार म्हणजे काय हे आपल्याला गावकीने शिकविले आहे, वेगळे सांगायला नको. घरच्यांना हे भोगावे लागू नये म्हणून सिद्धार्थाने स्वतःच परिव्राजक होऊन देश सोडला.

वाटेत त्याला बातमी लागली की शाक्य-कोलीयांत समेट झाला आहे. आता परत जाण्यास हरकत नव्हती. परंतु तो परतला नाही. राष्ट्रांमधील कलह प्रसंगाने होतो. वर्गावर्गांतील कलह मात्र नित्य चालू असतो, आणि तोच जगाच्या दुःखाचे मूळ आहे, हे त्याच्या ध्यानी आले. ह्या मोठ्या युद्धावर उपाय शोधण्यासाठी तो पुढे गेला. मसूरच्या रस्त्यावर तहानलेल्या मुलाने पुढे ही कथा लिहिली, हे वाचताना विसरून चालणार नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्म स्वीकारला. नोव्हेंबरात काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स ह्यांची तुलना केली. दुःख व शोषण संपविणे हे ध्येय दोघांचेही. परंतु एकाचा मार्ग बळजबरीचा, तर दुसऱ्याचा मार्ग माणसाचे मन पालटण्याचा. मात्र बाबासाहेबांचा बुद्ध अन्यायापुढे मान तुकविणारा नाही. न्यायासाठी शक्ती वापरण्याची वेळ आली तर तो ती नाकारत नाही. वैशालीच्या सिंह सेनापतीला त्याने हेच समजाविले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ साली निघाला.

सिंधूच्या पाण्याचा भारत-पाकिस्तान करार १९६० साली झाला. त्यात दोन्ही देशांचे आयुक्त, त्रयस्थ तज्ज्ञ आणि लवाद अशी पायरी-पायरीची रचना आहे. १९६५ व १९७१ च्या युद्धांतही तो टिकला. पहलगामला दहशतवाद्यांनी निरपराध माणसांना मारले, त्यानंतर २०२५ च्या एप्रिलमध्ये भारताने तो स्थगित ठेवल्याचे जाहीर केले आणि मे महिन्यात दोन्ही देशांच्या तोफा पुन्हा बोलल्या. रोहिणीचा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीचा म्हणून सोडून देता येत नाही, तो असा.

बंधु-भगिनींनो, आपल्या जिल्ह्यात अपशिंग्यासारखे मिलिटरी गाव आहे. आपल्याही वस्त्यांतील मुले पलटणीत आहेत. तेव्हा युद्धाची बातमी ऐकून टाळ्या पिटणे आपल्याला परवडणारे नाही, आणि देशाच्या संरक्षणाकडे पाठ फिरविणेही परवडणारे नाही. बाबासाहेबांनी दोन्ही केले नाही. आगळीक कोणाची ते तपासा, पंच बसवा, न्याय करा, आणि गावातला रोजचा बहिष्कार आधी मोडा, असा त्यांच्या चरित्राचा धडा आहे. पाटाच्या पाळीवरून बांधाबांधावर कुऱ्हाडी निघतात, तेथेही हाच धडा लागू पडतो. म्हणून प्रत्येक विहारात येत्या पौर्णिमेच्या वंदनेनंतर ग्रंथातील शाक्य-कोलीय संघर्षाचे प्रकरण मोठ्याने वाचले जावे, आणि वाचून झाल्यावर तरुणांना त्यावर बोलू द्यावे.