तुमच्या कीचेनच्या बॅटरीतल्या सेलवर एका इटालियन प्राध्यापकाचं नाव आहे

परभणीकडे टॉर्च कुणी म्हणत नाही. तिला बॅटरीच म्हणतात, आणि आत घालतो तो सेल. रात्रपाळीची लाईट आली की मोटार चालू करायला बांधावरून जाताना जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत शेतकऱ्याच्या हातात ही बॅटरी असतेच.

तिचंच सगळ्यात धाकटं भावंडं म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्याला लटकवायची एलईडी बॅटरी. दुकानाचं उद्घाटन असो नाहीतर गणेश मंडळाची भेटवस्तू, नाव छापून पन्नास-शंभर नग सहज करून मिळतात. पण तिच्यातला रुपयाएवढा सेल बाहेर काढून बघा. त्यावर ३ व्होल्ट असं कोरलेलं दिसेल. हा व्होल्ट म्हणजे अलेस्सांद्रो वोल्टा.

वोल्टाचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ चा, उत्तर इटलीतल्या कोमो गावातला. घराणं खानदानी, पण पैसा संपलेला. पोरगं चार वर्षांचं होईपर्यंत नीट बोलेना, म्हणून घरच्यांनी ते मुकं आहे असं धरूनच टाकलं होतं. वडील लहानपणीच गेले आणि काकांनी सांभाळलं. काकांना वकील हवा होता, शाळेतल्या पाद्र्यांना पाद्री हवा होता. वोल्टा दोन्ही झाला नाही. त्याला विजेचं वेड लागलं होतं.

त्या काळी वीज म्हणजे काय, तर काच किंवा राळ घासायची, ठिणगी पाडायची आणि लोकांना दचकवायचं. साठवलेली वीज एका झटक्यात निघून जायची. संथ वाहणारी, तासभर टिकणारी वीज कुणी पाहिलीच नव्हती. वोल्टा १७७४ मध्ये कोमोच्या शाळेत शिकवायला लागला. १७७६ मध्ये माज्जोरे तलावाच्या काठच्या दलदलीत काठी खुपसून त्याने बुडबुडे गोळा केले आणि ते पेटवून बघितले. तो मिथेन होता, म्हणजे आपल्या गोबरगॅसमध्ये जळतो तोच. पुढे पाविया विद्यापीठात तो प्राध्यापक झाला आणि जवळपास चाळीस वर्षं तिथेच राहिला.

खरा किस्सा सुरू होतो बेडकापासून.

बोलोन्यात लुइजी गॅल्वानी नावाचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन वेगवेगळे धातू लावले की पाय झटका देतो, हे त्यांनी पाहिलं होतं. १७९१ मध्ये त्यांनी ते छापलं आणि प्राण्याच्या अंगातच वीज असते असा निष्कर्ष काढला. युरोपभर बेडकांवर संक्रांत आली. वोल्टानेही आधी गॅल्वानीचं कौतुक केलं. मग तेच प्रयोग स्वतः करत असताना त्याच्या मनात शंका आली, की दर वेळी धातू दोन आणि वेगळेच का लागतात?

त्याने बेडूक बाजूला ठेवला आणि स्वतःची जीभ वापरली. टोकाला कथलाचा पत्रा, मागे चांदीचं नाणं, आणि दोन्ही एकमेकांना टेकवले. जिभेवर आंबट चव आली. लहानपणी रेडिओचा चौकोनी सेल जिभेला लावून बघितला असेल, तर ही चव तुम्हाला ठाऊक आहे. वोल्टाचं म्हणणं पडलं, की वीज बेडकात नाही, ती दोन वेगळ्या धातूंच्या जोडीत आहे. मग त्याने धातूंची रांग लावली: जस्त, शिसं, कथील, लोखंड, तांबं, चांदी. रांगेतले दोन धातू एकमेकांपासून जितके लांब, तितका जोर जास्त.

भांडण वर्षानुवर्षं चाललं. गॅल्वानीचा शेवट मात्र वाईट झाला. नेपोलियनने बसवलेल्या नव्या सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला, नोकरी गेली आणि डिसेंबर १७९८ मध्ये ते वारले. खरं सांगायचं तर बाजू दोघांचीही थोडी बरोबर होती. प्राण्यांच्या नसांत वीज असते, हे पुढे सिद्ध झालंच. आणि वोल्टाला धातू दिसले, पण मधल्या ओलाव्यात घडणारी रासायनिक क्रिया हीच विजेचं मूळ आहे, हे त्याला कधी पटलं नाही.

१७९९ च्या शेवटी त्याने चांदीची चकती, जस्ताची चकती आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी थप्पी रचली. एकावर एक जोड्या चढवत गेलं की जोर वाढत जायचा. आणि वीज झटक्यात न संपता वाहत राहायची. २० मार्च १८०० रोजी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून हे कळवलं. जगातली पहिली बॅटरी ती हीच.

आता कीचेन पुन्हा हातात घ्या. पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात. जस्ताचा बटण सेल दीड व्होल्टचा, म्हणून स्वस्त कीचेनमध्ये तीन सेल एकावर एक बसवतात. ही वोल्टाचीच थप्पी आहे, फक्त नखाएवढी. लिथियम धातूंच्या रांगेत जस्ताच्याही पलीकडे बसतो, म्हणून सीआर २०३२ हा एकच सेल ३ व्होल्ट देतो. गंमत म्हणजे लिथियम धातू पहिल्यांदा वेगळा काढला गेला तो अशा थप्पीच्या विजेनेच, १८२१ च्या सुमाराला, वोल्टा हयात असताना.

शंभर नग बनवून घेणार असाल तर आमचं मत लिथियमच्या बाजूने. जस्ताचे सेल स्वस्त पडतात, पण उजेड पहिल्या दिवसापासून उतरत जातो. लिथियमचा सेल कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिला तरी बहुतेक भरलेला असतो, आणि कीचेन ही पडूनच राहणारी वस्तू आहे. रोज रात्री शेतात जाणाऱ्याला मात्र दोन्ही नकोत, त्याला चार्जिंगवालीच द्या.

फक्त एक अट, सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. का, ते वोल्टाच्या पत्रानंतर काही आठवड्यांतच दिसलं होतं. पत्राची बातमी कळताच लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी तशीच थप्पी रचली. तिच्या तारा पाण्यात सोडल्या तर पाणीच फुटलं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे झाले. लहान मुलाने ३ व्होल्टचा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर हीच क्रिया तिथल्या ओलाव्यात सुरू होते. एका बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांत आतलं मांस भाजायला लागतं. सेल उतरलेला असला तरीही. त्यामुळे सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी ओकारी काढायला लावू नका, शौचावाटे पडेल म्हणून वाट बघू नका. थेट मोठ्या दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढा.

वोल्टाच्या उरलेल्या आयुष्यात मानसन्मान भरपूर आले. १८०१ मध्ये पॅरिसला त्याने नेपोलियनसमोर प्रयोग करून दाखवले आणि सुवर्णपदक मिळवलं. १८१० मध्ये सरदारकी मिळाली. पण थप्पीनंतर त्याने मोठं असं काही शोधलं नाही. त्याच थप्पीवर नवे धातू शोधण्याचं काम लंडनमध्ये डेव्हीसारखे तरुण करत होते. १८१९ मध्ये निवृत्त होऊन तो कोमोजवळच्या घरी बायकोमुलांत राहायला गेला आणि ५ मार्च १८२७ रोजी, ८२ व्या वर्षी वारला.

विजेच्या दाबाच्या एककाला त्याचं नाव १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत दिलं गेलं. १८९९ मध्ये, थप्पीला शंभर वर्षं झाली म्हणून कोमोत मोठं विजेचं प्रदर्शन भरलं आणि त्यात वोल्टाची मूळ उपकरणं मांडली. जुलैमध्ये तिथे आग लागली. ती विजेच्या तारांमधूनच लागली असं सांगतात. उपकरणं जवळजवळ सगळी जळाली. आज कोमोच्या संग्रहालयात जे बघायला मिळतं, त्यातलं बरंचसं पुन्हा बनवलेलं आहे.