प्लेगच्या लशीचे जनक : वाल्देमार हाफकिन

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव ऐकले नाही अशी भगिनी विरळाच. सर्पदंशावरचे औषध, पोलिओचे थेंब, यांच्या निमित्ताने ते घरोघर पोहोचले आहे. पण हाफकिन हे एका माणसाचे आडनाव, आणि त्या माणसाच्या वाट्याला या इमारतीतच मोठा मान व मोठा अपमान असे दोन्ही आले, हे मात्र पुष्कळ जणींना ठाऊक नसते. म्हणून ही थोडी हकीकत.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म 1860 साली रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. यहुदी लोकांवर त्या काळी तेथे वरचेवर हल्ले होत. तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभे राहिले, जखमी झाले, तुरुंगातही गेले. त्यांचे गुरू प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी रदबदली करून त्यांना सोडवले. विद्या होती, बुद्धी होती, पण धर्म बदलल्याखेरीज प्राध्यापकी मिळणार नव्हती. धर्म त्यांनी बदलला नाही. 1888 साली मायदेश सोडून ते स्वित्झर्लंडला गेले आणि पुढल्याच वर्षी पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत आले. जागा कसली मिळाली, तर ग्रंथालयातली! दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात जंतूंचा अभ्यास करायचा.

या ठिकाणी लशीचे मर्म थोडे सांगितले पाहिजे. एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला त्या पुन्हा सहसा येत नाहीत, हे आपल्या आज्या-पणज्यांनाही माहीत होते. 1796 साली इंग्लंडात जेन्नर यांनी गाईच्या देवीची लस टोचून खऱ्या देवीपासून बचाव होतो हे दाखवले; पण तो का होतो हे त्यांनाही सांगता आले नव्हते. पुढे पाश्चर यांनी रोगाचे जंतू दुबळे करून तेच लस म्हणून वापरले. चाळीत एखादा भामटा गोसाव्याच्या वेषात येऊन एकदा फसवून गेला, की दुसऱ्या खेपेस तो जिन्यावर दिसताच दहा दारांतून आरडाओरडा होतो. शरीराचे तसेच आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी परक्या जंतूची ओळख पटवतात, त्याला चिकटून निकामी करणारी प्रतिपिंडे तयार करतात, आणि त्यांतल्या काही पेशी ती ओळख वर्षानुवर्षे जपून ठेवतात. पहिल्या वेळी या तयारीला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि प्लेगचा रोगी तर तेवढ्यात दगावतोही. लस म्हणजे खऱ्या चोराआधी त्याचे चित्र घरोघर दाखवून ठेवणे. हा सगळा उलगडा पुढल्या काळात झाला. हाफकिन यांच्या वेळी जंतू गिळणाऱ्या पेशी मोठ्या की रक्तातला द्रव मोठा, यावर विद्वानांची भांडणे चालली होती. दोन्ही पक्ष खरे ठरले, आणि 1908 साली मेचनिकॉव्ह व एर्लिक यांना नोबेल पारितोषिक वाटून मिळाले.

हाफकिन यांनी प्रथम पटकीची लस तयार केली आणि 18 जुलै 1892 रोजी ती स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला आणि उतरला. युरोपात तिला कोणी फारसा थारा दिला नाही, तेव्हा 1893 साली ते कलकत्त्यास आले. दोन-अडीच वर्षांत चाळीस हजारांवर लोकांना त्यांनी पटकीची लस टोचली. कलकत्त्याच्या वस्त्यांत काही भारतीय डॉक्टर त्यांच्या बरोबरीने राबले. सरकारी वैद्यकखात्यातल्या साहेबांना मात्र हा गृहस्थ डोळ्यांत खुपत असे. एक तर परका, त्यातून वैद्यकाची पदवी नाही. प्राण्यांचा अभ्यास केलेला माणूस आम्हाला रोग काय शिकवणार, असा तो सूर!

1896 च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला. तो ओळखला आपल्या गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. लोक शहर सोडून पळू लागले. ऑक्टोबरात हाफकिन यांना मुंबईस बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा, हाताखाली एक कारकून व तीन शिपाई, एवढ्यावर काम सुरू झाले.

त्यांनी केले काय, हे आपण बायकांनी तर लक्ष देऊन ऐकावे. मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवायचे होते, आणि लशीसाठी ते भरपूर हवे होते. हाफकिन यांनी रश्शावर साजूक तुपाचे थेंब सोडले. तूप वर तरंगते, आणि त्या थेंबांच्या खालच्या अंगाला धरून जंतूंचे धागे झुंबराच्या लोलकांसारखे खाली लोंबू लागतात. पात्र हलवले की ते तळाशी पडतात आणि वर नवे धरतात. असे काही आठवडे चालले की ते सगळे तापवून मारायचे. मेलेला जंतू रोग देत नाही, पण त्याची ओळख मात्र शरीराला पटते. आपल्या फडताळातले तूप शास्त्राच्या असे उपयोगी पडले!

10 जानेवारी 1897 रोजी ही लसही त्यांनी आधी स्वतःला टोचली, तीही नेहमीच्या मात्रेहून कितीतरी अधिक. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी सुमारे निम्मे आपखुशीने टोचून घ्यायला पुढे आले. पुढल्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी बारा जण आजारी पडले व सहा दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना रोग झाला, मृत्यू एकही नाही. लस अगदी अभेद्य नव्हती, आणि हाफकिन यांनी तसा दावाही केला नाही. पण मरणे कितीतरी कमी झाली.

त्याच वर्षी 10 मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. लस तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. ती पुण्यापर्यंत वेळेवर पोहोचती तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

सरकारची घरझडती, बळजबरीने इस्पितळात नेणे, सामान जाळणे, यांमुळे लोक चिडलेले. त्यात सुई म्हणजे आणखी एक संकट वाटे. अशा वेळी आगाखान यांनी सर्वांसमक्ष टोचून घेतले आणि त्यांच्या खोजा मंडळींतले हजारो लोक पुढे आले. माझ्या मते सरकारी फतव्यांनी झाले नसते ते या एका गोष्टीने झाले. 1899 साली परळचा जुना गव्हर्नरवाडा हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला मिळाला.

आणि मग मुलकोवाल. पंजाबातील या खेड्यात 30 ऑक्टोबर 1902 रोजी 107 जणांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वाताने मेले. ती बाटली परळला भरलेली होती. हाफकिन यांनी निर्जंतुक करण्याच्या रीतीत कार्बोलिक वगळून केवळ उष्णतेवर भर दिला होता. चौकशी समितीने दोष प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले.

खरे पाहता पुरावा निराळेच सांगत होता. टोचणीच्या जागी बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत धरून शुद्ध करण्याऐवजी नुसता कार्बोलिकच्या पाण्यात खळबळून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतातच. ते बाटलीत आधीच एक्केचाळीस दिवस वाढत असते तर झाकण काढताच घाण वास सुटला असता. तसा वास आला नव्हता. शिवाय रोग उमटायला जो आठवडा लागला, तोही जंतू ऐन वेळी शिरले असेच सुचवतो. उरलेल्या चार बाटल्यांतून टोचलेले सर्व सुखरूप राहिले. ज्या घरांतली माणसे गेली त्यांचे दुःख याने हलके होत नाही; पण दोष कोणाचा हे ठरवताना चिमट्याची गोष्ट बाजूला सारणे हा न्याय नव्हे.

मलेरिया डासांमार्फत पसरतो हे शोधून काढणारे रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण इंग्लंडात लावून धरले. 1907 साली रॉस व इतर नामांकित शास्त्रज्ञ मिळून दहा जणांनी टाइम्स पत्रात जाहीरपणे हाफकिन यांची बाजू घेतली, आणि सरकारला नमते घ्यावे लागले. पाच वर्षांनी माणूस निर्दोष ठरला! पण परळची जागा परत मिळाली नाही. कलकत्त्यास नेमणूक झाली, तीही लस बनवण्याच्या कामापासून दूरच. ज्याचे हात त्याच कामाला घडले होते, त्याला ते काम नाही. 1914 साली ते निवृत्त होऊन युरोपात परतले.

त्यांनी लग्न केले नाही. उत्तरायुष्यात ते आपल्या धर्माच्या आचारात अधिकाधिक रमले. 1925 साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. तोवर तेथून लशीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर गेल्या होत्या. आज प्लेगवर गुणकारी औषधे आहेत आणि ती जुनी लस मागे पडली आहे. शिल्लक टाकलेला बहुतेक पैसा त्यांनी पूर्व युरोपातील यहुदी पाठशाळांसाठी ठेवला, आणि 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडातील लोझान गावी त्यांचे निधन झाले.