पावसाची परीक्षा घेणारा शास्त्रज्ञ

पावसाचे पाणी शुद्ध असते, असे आपण ऐकत आलो आहोत. मग पावसाने कापडाचा रंग उडतो, लोखंड लवकर गंजते आणि इमारतीचा दगड झिजतो, असे कोणी सांगितले तर तुमचा विश्वास बसेल का? हे प्रयोगाने दाखवून देणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव आहे रॉबर्ट अँगस स्मिथ.

स्मिथ यांचा जन्म 15 फेब्रुवारी 1817 रोजी स्कॉटलंडमध्ये, ग्लासगो शहराजवळ झाला. त्यांचे कुटुंब मोठे होते. त्यांनी धर्मोपदेशक व्हावे म्हणून त्यांचे शिक्षण सुरू झाले; पण त्यांचे मन विज्ञानाकडे ओढ घेत होते. शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी काही काळ शिकवण्या केल्या. पुढे ते जर्मनीला गेले. तेथे लिबिग या थोर रसायनशास्त्रज्ञाजवळ शिकून त्यांनी 1841 साली डॉक्टरेट मिळवली.

नंतर ते इंग्लंडमधील मँचेस्टर शहरी राहू लागले. हे शहर कापडगिरण्यांचे. रात्रंदिवस दगडी कोळसा जळत असे. धुराड्यांतून काळा धूर निघे. लोक त्या धुराला कंटाळले होते. पण धुरामुळे पावसात काय बदल होतो, याचा विचार फारसा कोणी करत नसे. स्मिथ यांनी तो केला. त्यांनी दूरच्या शेतांतील, शहराच्या कडेचे आणि भर शहरातील पावसाचे पाणी तपासले. शहराच्या जवळ यावे तसे पाण्यातील आम्ल वाढत होते! आम्ल म्हणजे तेजाब, हे तुम्हांला ठाऊकच आहे. 1852 साली त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले.

हे आम्ल कोठून आले? दगडी कोळशात गंधक असते. कोळसा जळला की गंधकाचा वायू हवेत जातो. हवा आणि पाणी यांच्याशी त्याचा संयोग होऊन गंधकाम्ल तयार होते आणि ते पावसाबरोबर खाली येते. 1872 साली स्मिथ यांनी हवा आणि पाऊस यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी अशा पावसाला आम्लवर्षा म्हटले.

1863 साली इंग्लंडमध्ये एक कायदा झाला. सोडा तयार करणाऱ्या कारखान्यांनी आपल्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेपैकी 95 टक्के वाफ अडवलीच पाहिजे, असे ठरले. या कामावर पहिले निरीक्षक म्हणून स्मिथ यांची नेमणूक झाली. मालकांना नुसती शिक्षेची भीती न दाखवता वाफ कशी अडवावी, हे ते समजावून सांगत. पण कोळशाचा धूर त्या कायद्यात नव्हता. ज्या धुराचा दोष त्यांनी स्वतः शोधला, तोच थांबवणे त्यांच्या हाती नव्हते. 12 मे 1884 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर कित्येक वर्षे लोक हे संशोधन विसरले. धुराडी उंच झाली आणि धूर वाऱ्याबरोबर दूर दूर जाऊ लागला. 1967 साली स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते ओदेन यांनी दाखवले, की परदेशांतील धुरामुळेही त्यांच्या देशात आम्लवर्षा होते. स्वीडन आणि नॉर्वेमधील हजारो तळ्यांतील मासे कमी झाले किंवा नाहीसे झाले. आम्लामुळे मातीतील अ‍ॅल्युमिनियम विरघळून तळ्यांत येते आणि माशांच्या कल्ल्यांना इजा करते. मातीतील कॅल्शियम वाहून गेल्याने झाडेही दुबळी होतात.

अखेर 1979 साली जिनिव्हा येथे अनेक देशांनी करार केला. पुढे युरोपात गंधकाचा धूर पुष्कळ कमी झाला आणि काही तळ्यांत मासे परतले.

मित्रांनो, स्मिथ यांचे म्हणणे वेळीच ऐकले असते तर एवढे नुकसान झाले असते का? एका माणसाने बाटलीत पावसाचे पाणी धरून जगाला सावध केले होते. तुमच्या गावी कोळसा, डिझेल किंवा पेट्रोल कोठे जळते आणि त्याचा धूर कोणीकडे जातो, हे तुम्हीही डोळसपणे पाहा.