पंडिता रमाबाई : वाणीचे सामर्थ्य

अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. आईकडून ती विद्या रमाबाईंकडे (१८५८-१९२२) आली. दुष्काळात आईवडील गेल्यावर भावासह पुराणे सांगत हिंडणे हीच त्यांची उपजीविका झाली.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पोटासाठी झिजवलेली वाणी आता स्त्रियांच्या कामी आली. वैधव्य आल्यावर १८८२ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टरांची निकड मांडली.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथील व्याख्यानांतूनच १८८७ मध्ये बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली आणि तिने दहा वर्षे अर्थसाह्याची हमी दिली. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू झाले. पुढे ते पुण्यास हलले.

१८९३ मध्ये तेथील धर्मांतराच्या वादातून न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ज्या पुण्याने त्यांना व्यासपीठ दिले, ते दुरावले. रमाबाईंनी मात्र केडगावच्या ‘मुक्ती’मध्ये निराधार स्त्रियांचा सांभाळ अखेरपर्यंत केला.