हॉलिवूडने रद्दीत काढलेले फोटो जपणारा जॉन कोबाल

हॉलिवूडच्या सुवर्णकाळात सिनेमाचे स्टिल फोटो म्हणजे निव्वळ जाहिरातीचा माल. वर्तमानपत्रांना फुकट वाटायचे, सिनेमा उतरला की विषय संपला. पुढे स्टुडिओंनी जुनी गोदामं रिकामी करायला घेतली, तेव्हा हे गठ्ठे थेट कचऱ्यात जाऊ लागले.

तेच गोळा करणारा माणूस म्हणजे जॉन कोबाल. जन्म 1940 चा, ऑस्ट्रियातल्या लिंझचा. कुटुंब कॅनडात गेलं, जॉन पुढे लंडनला. तिथे अभिनयही करून पाहिला.

पण नुसते फोटो साठवणारे बरेच होते. कोबालला वेगळाच प्रश्न पडला. चेहरा ग्रेटा गार्बोचा, हे सगळ्यांना माहीत. पण फोटो काढला कुणी? प्रिंटच्या मागच्या शिक्क्यात कधी नाव असायचं, कधी नुसतंच स्टुडिओचं. त्याने जॉर्ज हरेल, क्लॅरेन्स सिंक्लेअर बुल अशा विस्मरणात गेलेल्या फोटोग्राफर्सना म्हातारपणी गाठलं, बोलतं केलं. जुन्या निगेटिव्हवरून नव्या प्रिंट काढून घेतल्या. 1974 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये प्रदर्शन भरलं. रद्दीतला कागद थेट म्युझियमच्या भिंतीवर!

1991 मध्ये, अवघ्या 51 व्या वर्षी कोबाल गेला. त्याआधी निवडक प्रिंट आणि निगेटिव्ह त्याने आपल्या नावाच्या फाउंडेशनला देऊन टाकल्या होत्या.